नाशिकमध्ये भाड्याने देण्यासाठी दुसरे घर घ्यायचे आहे: योग्य व्यवहार कसा शोधावा आणि पैसा कसा उभारावा?

अंबडचा नोकरदार (प्रश्न)

नमस्कार. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतो आणि पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे. इंदिरानगरमध्ये आमचे राहते घर आहे; त्याच्या कर्जाचा १४,५०० रुपयांचा हप्ता अजून सहा वर्षे फेडायचा आहे. दोघांचे मिळून महिन्याला ९२,००० रुपये हातात येतात. निफाड तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीतून माझ्या वाट्याला आलेली रक्कम आणि आमची बचत धरून आज १४ लाख रुपये बाजूला आहेत. हे पैसे मुदत ठेवीत ठेवण्याऐवजी एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे आणि पुढे जमल्यास आणखी एक घ्यावे, असा आमचा विचार आहे.

गेले आठ महिने दर रविवारी आम्ही घरे पाहत आहोत, पण गोंधळ वाढतच चालला आहे. एक एजंट म्हणतो की २०२७ च्या सिंहस्थापूर्वी आडगाव किंवा तपोवनाच्या बाजूला घ्या, नंतर भाव हाती लागणार नाहीत. दुसरा पाथर्डी फाट्याजवळचा ३६ लाखांचा टू बीएचके दाखवतो आणि बँक ८० टक्के कर्ज देईल, तुम्हाला फक्त सात-आठ लाख घालायचे आहेत, असे सांगतो. कारखान्यातील एक सहकारी बँकेच्या लिलावातील घर घ्या म्हणतो, तर आमच्या मामांच्या मते दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन गप्प बसावे. माझ्यासारख्या लहान गुंतवणूकदाराने चांगला व्यवहार नेमका कुठे शोधावा आणि कर्ज किती घ्यावे, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

गोदाकाठ

नमस्कार दादा. मी गेल्या सतरा वर्षांत नाशिकमध्ये चार जुनी घरे घेतली आणि त्यातील एक विकले. माझा हा मुख्य व्यवसाय नाही, त्यामुळे तुमची अडचण मला जवळची वाटते.

आठ महिने फिरूनही गोंधळ वाढण्याचे कारण मला असे वाटते की, तुम्ही सगळे शहर पाहत आहात. आडगाव, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड आणि जेल रोड या चार वेगळ्या बाजारपेठा आहेत. तिथले भाडेकरू वेगळे, भाव वेगळे आणि घर रिकामे राहण्याची कारणेही वेगळी. लहान माणसाने एक भाग निवडावा, तोही शक्यतो रोजच्या येण्याजाण्यातला, आणि त्या भागातील तीस-चाळीस सोसायट्या नावानिशी ओळखाव्यात. तुमच्यासाठी तो भाग इंदिरानगर ते पाथर्डी फाटा हाच असायला हवा, कारण अंबडमध्ये नोकरी करणारा भाडेकरू कसा असतो, त्याला किती भाडे परवडते आणि तो कोणत्या महिन्यात घर बदलतो, हे तुम्हाला आतून माहीत आहे.

भाव ठरवताना जाहिरातीतील आकडा पाहू नका, तो विकणाऱ्याची अपेक्षा असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे; तिथे त्या गावाचे नाव आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदवलेल्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्तांचे गोषवारे, दिसतात. ज्या इमारतीत घर पाहत आहात, तिथे गेल्या दोन-तीन वर्षांत कोणता फ्लॅट किती रुपयांना नोंदवला गेला, हे कळले की बोलणीचा सूर बदलतो. मी माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी असे सात दस्त एका वहीत उतरवून घेतले होते. विकणारे काका ३१ लाखांवर ठाम होते. वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा ते बराच वेळ एकेका ओळीवर बोट फिरवत राहिले आणि शेवटी आम्ही २७ लाख ४० हजारांवर आलो.

चांगले व्यवहार जाहिरातीपर्यंत पोहोचण्याआधीच होतात. मुलगा पुण्यात स्थायिक झाला म्हणून नाशिकचे घर बंद करणारे आई-वडील, देवळालीतून बदली झालेले सैन्यातील कुटुंब, वडिलांच्या पश्चात तीन भावंडांत वाटून घ्यायचे घर, अशा विक्रेत्यांना शेवटचा लाख रुपया मिळण्यापेक्षा व्यवहार ठरल्या दिवशी आणि कटकटीविना पूर्ण होणे महत्त्वाचे असते. त्यांची खबर प्रथम वॉचमनला, सोसायटीच्या सेक्रेटरींना, इस्त्रीवाल्याला आणि त्या भागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या एखाद्या एजंटला असते. त्या एजंटला त्याची दलाली पूर्ण आणि वेळेवर द्या. मी पहिल्या व्यवहारात त्यात घासाघीस केली होती आणि पुढची दोन वर्षे त्यांनी मला एकही घर दाखवले नाही. त्यात चूक माझीच होती.

सिंहस्थाबद्दल इतकेच सांगतो की, मेळ्याची मुख्य गर्दी काही महिन्यांची असते आणि भाडे बारा महिन्यांच्या नोकऱ्यांवर आणि महाविद्यालयांवर ठरते. आडगावच्या बाजूला महाविद्यालयांमुळे विद्यार्थी भाडेकरू मिळतात, हे खरे कारण आहे, पण मेळ्याच्या आधी भाव वाढतील म्हणून घ्यावे, हे कारण नव्हे. तपोवनाच्या बाजूला तर साधुग्रामाच्या, म्हणजे मेळ्यात साधूंना उतरण्यासाठीच्या जागेच्या, आरक्षणाचा प्रश्न असल्याने जमीन कोणत्या वापरासाठी राखलेली आहे हे दाखवणारा भाग नकाशा आणि झोन दाखला पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. घोषणेवर भाव चढतो आणि काम मागे राहते, हे आपण मेट्रो निओ या शहरी वाहतूक प्रकल्पाच्या बाबतीत पाहिले आहे. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटी रुपयांचा तो प्रकल्प जाहीर झाला, ‘प्रस्तावित स्थानकाजवळ’ म्हणून घरे विकली गेली, आणि गाडी अजून धावलेली नाही.

जेल रोड

दादा, लिलावाचा माझा अनुभव सविस्तर लिहितो, कारण मला तो आधी कोणी सांगितला असता तर बरे झाले असते.

थकीत कर्जाची घरे बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विकतात. सरकारी बँकांच्या अशा मालमत्ता बँकनेट या संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात, शिवाय वृत्तपत्रांत नोटिसा येतात. राखीव किमतीच्या साधारण १० टक्के अनामत भरून बोली लावायची असते. बोली मंजूर झाली की अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते आणि उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तर गोष्ट वेगळी, नाहीतर भरलेली रक्कम जप्त होते.

मी नाशिकरोडच्या बाजूचा एक फ्लॅट २१ लाख ३५ हजारांना घेतला. बाजारभाव २८ लाखांच्या आसपास असल्याने मी हरखून गेलो होतो. कर्ज मिळेल हे गृहीत धरले होते, पण मूल्यांकन, वकिलाचा अहवाल आणि मंजुरी पंधरा दिवसांत होईना. शेवटी पत्नीचे दागिने तारण ठेवले, मेहुण्यांकडून सहा लाख घेतले आणि शेवटच्या दिवशी दुपारी पैसे भरले.

खरी अडचण त्यानंतर आली. नोटिशीत ताब्याच्या रकान्यात ‘प्रतीकात्मक’ असा एक शब्द होता आणि मी तो वाचून पुढे गेलो होतो. त्याचा अर्थ असा की, कायद्याने ताबा बँकेचा, प्रत्यक्षात मात्र घरात कर्जदाराचे कुटुंब राहत आहे. लिलावापूर्वी मी घर बाहेरून पाहिले होते. दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली होती आणि खाली उंबऱ्याशी ताजी रांगोळी होती. त्या रांगोळीकडे पाहूनच मी थांबायला हवे होते. त्या कुटुंबाने कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज केला, बँकेने प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, आणि मला चावी मिळायला चौदा महिने लागले. ताब्याच्या दिवशी एक लहान मुलगी दप्तर पाठीला लावून जिन्यात उभी होती. तो दिवस मी विसरलेलो नाही आणि त्यानंतर प्रतीकात्मक ताब्याचे घर मी कधीही पाहिले नाही.

‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर विक्री असल्याने सोसायटीची १ लाख १२ हजारांची थकबाकी, घरपट्टी आणि पाणीपट्टी मलाच भरावी लागली. वीजबिलाची थकबाकीही नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. चौदा महिन्यांचे व्याज आणि ही देणी धरली तर माझी बचत जेमतेम दीड लाखाची झाली. तुम्हाला लिलावात उतरायचेच असेल, तर प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असलेलेच घर पाहा, बँकेच्या अधिकाऱ्यांसोबत आत जाऊन पाहा, सोसायटीकडून थकबाकीचा लेखी आकडा घ्या, आणि पूर्ण रक्कम कर्जाविना भरता येत असेल तरच बोली लावा. तुमचे १४ लाख पाहता हा मार्ग आज तुमच्यासाठी नाही, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त बँक कर्मचारी, सातपूर

कर्जाच्या बाजूने मी लिहितो. मी तीस वर्षांहून अधिक काळ गृहकर्जाच्या फायली हाताळल्या आहेत.

‘फक्त सात-आठ लाख घाला’ हे वाक्य अर्धे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते, मात्र दहा लाखांवरील घरांसाठी त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरली जात नाही. शिवाय ही कमाल मर्यादा आहे. जुन्या इमारतीचे बँकेने केलेले मूल्यांकन व्यवहाराच्या किमतीपेक्षा कमी आले, तर कर्ज त्या कमी आकड्यावर बसते. ३६ लाखांच्या घराचा हिशेब मांडून पाहा. ८० टक्के म्हणजे २८ लाख ८० हजार कर्ज आणि ७ लाख २० हजार तुमचे. त्यावर स्थानिक अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख १६ हजार, नोंदणी फीचे ३० हजार, सोसायटीचे हस्तांतर शुल्क कमाल २५ हजार, दलाली आणि रंगरंगोटी-दुरुस्तीचा एखादा लाख. म्हणजे सव्वाअकरा लाख संपले आणि घर अजून रिकामेच आहे.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे २५,००० रुपये होतो. भाडे १२,००० धरले, तर दरमहा १३,००० तुमच्या पगारातून जाणार, त्यात देखभाल खर्च वेगळा, आणि चालू घराचा १४,५०० चा हप्ता आहेच. बँक तुम्हाला हे कर्ज देईल, कारण तुमची पात्रता त्यात बसते. पण बँक फक्त परतफेडीची शक्यता पाहते. तुमच्या मुलांचे शिक्षण, कारखान्यातील मंदीचे एक वर्ष किंवा भाडेकरू नसलेले तीन महिने तिच्या तक्त्यात येत नाहीत.

त्याऐवजी २२ लाखांचे चांगल्या बांधणीचे जुने वन बीएचके घेतले, १० लाख स्वतःचे घातले आणि १२ लाख पंधरा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ११,८०० च्या आसपास येतो. भाडे ८,००० मिळाले तरी देखभालीसह पाच हजारांच्या आत भागते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे दीड लाख गेल्यावर दोन-अडीच लाख हाताशी उरतात आणि त्यांना हात लावायचा नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही, त्यामुळे बोनसची रक्कम वर्षातून एकदा मुद्दलात भरा.

मार्जिनची, म्हणजे स्वतः घालायची, रक्कम कमी पडते म्हणून वैयक्तिक कर्ज किंवा पतसंस्थेचे चढ्या दराचे कर्ज घेऊ नका. मी बुडालेली जी खाती पाहिली, त्यांतील बहुतेकांची सुरुवात अशाच दुसऱ्या कर्जाने झाली होती. राहत्या घराच्या चालू कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेणे तुलनेने स्वस्त असते, पण त्यात राहते घरच पणाला लागते, हे पत्नीशी बोलून ठरवावे. पुढचे तिसरे घर घेताना हेही लक्षात ठेवा की, तिसऱ्या घरापासूनचे कर्ज बँका साध्या गृहकर्जात न धरता व्यापारी स्थावर मालमत्तेच्या वर्गात धरत आल्या आहेत, आणि तिथे दर व अटी दोन्ही कडक असतात.

प्राप्तिकरातील वजावटीवर गणित उभे करू नका. भाड्यातून घरपट्टी वजा करून ३० टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, परंतु व्याज भाड्याहून जास्त झाल्याने दिसणारा घराचा तोटा नव्या करप्रणालीत पगारातून वजा होत नाही; जुन्या प्रणालीतही वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे.

वकील, नाशिकरोड

वरील सर्व उत्तरे वाचली. कागदपत्रांबाबत थोडी भर घालते.

मामांनी सुचवलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट प्रथम बाजूला ठेवा. शेतजमिनीचे तुकडे पाडून, सातबाऱ्यावर वीस जणांची सामाईक नावे लावून विकलेले प्लॉट माझ्याकडे दर महिन्याला येतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यातून आणि गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या लहान प्लॉटांच्या, नियमितीकरणातून मार्ग निघतात, पण ते वेळखाऊ असतात आणि तोवर बँक कर्ज देत नाही. बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि स्वतंत्र सातबारा उतारा, हे तीनही हातात असतील तरच प्लॉटचा विचार करावा.

जुन्या फ्लॅटसाठी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सर्व दस्तांची साखळी, सोसायटीचा ना हरकत दाखला आणि मालकी व बोजे तपासणारा वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावे होणे, झाले आहे का, तेही विचारा, कारण पुढे पुनर्विकासाचा प्रश्न तिथेच अडतो. सिडकोतील घर पाहिलेत, तर जमीन भाडेपट्ट्याची आहे का ते पाहा आणि तशी असल्यास हस्तांतराची परवानगी व शुल्क आधी तपासा. तिथे वाढवलेल्या खोल्यांना मंजुरी नसेल, तर बँक त्या खोल्यांची किंमत धरत नाही.

घर केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नावात पती आले की ती जाते, परंतु पती सहकर्जदार राहू शकतात. दादांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी: पैसे तुमचे असतील, तर पत्नीच्या नावावरील घराचे भाडे करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरले जाईल.

विसार पावती साध्या कागदावर आणि रोख रकमेची करू नका. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास मनाई आहे. ‘थोडे रोखीने द्या, करार कमी दाखवू’ असे कोणी म्हणाले, तर कर्जही कमी बसेल आणि उद्या तुम्ही विकताना नफा कागदावर फुगलेला दिसेल. पावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास विसार परत’ हे वाक्य लिहूनच घ्या. माझ्या अशिलांचे सर्वाधिक पैसे याच एका वाक्याअभावी अडकले आहेत.

अंबडचा नोकरदार

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पत्नीसोबत हे सगळे पुन्हा वाचले आणि ३६ लाखांच्या फ्लॅटच्या एजंटला नकार कळवला. इंदिरानगरमध्येच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, १९९८ च्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे. मालक काकू मुलीकडे पुण्याला जाणार आहेत आणि २४ लाख सांगत आहेत. आजच ई-सर्चवर त्या इमारतीचे तीन दस्त सापडले, त्यातील शेवटचा २१ लाख ५० हजारांचा आहे. भाड्याने दिल्यावर सोसायटी जास्त देखभाल खर्च मागेल का, आणि शनिवारी घर पाहताना मी नेमके काय तपासावे?

गोदाकाठ

दादा, भाड्याने दिलेल्या घरासाठी सोसायटीला बिनभोगवटा शुल्क लावता येते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. महापालिकेचे कर त्या हिशेबात येत नाहीत. लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरूशी होणारा करार, नोंदवूनच घ्या. त्याचे मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि नोंदणी फी १,००० रुपये आहे, म्हणून तो टाळण्याचे कारण नाही.

शनिवारी प्रथम गच्चीवर जा आणि टाकीखालचा स्लॅब पाहा. मग पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या खाली तळहात ठेवा. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला असेल, तर का दिला ते काकूंना सरळ विचारा. बाथरूमखालच्या फ्लॅटचे दार वाजवून त्यांच्या छताला ओल येते का, हे पाहू द्या म्हणावे. वॉचमनला मे महिन्यात आठवड्याला किती टँकर येतात, ते विचारा. आणि काकूंना पुण्याला कधी जायचे आहे, ती तारीख जाणून घ्या. ती दोन महिन्यांच्या आतली असेल आणि तुमचे कर्ज तत्त्वतः मंजूर करून ठेवलेले असेल, तर २१ लाख ७५ हजारांपासून बोलणी सुरू करा.